वाफा बदलल्यावर

मैत्रिणींनो, या अंकात लिंबाचं उपासाचं लोणचं काळं न पडता कसं मुरवायचं ते लिहायचं मी कबूल केलं होतं. ते पुढच्या अंकात नक्की. आज मनात दुसरंच काही आहे, आणि ते लिहून टाकल्याशिवाय लिंबांकडे माझं लक्ष लागायचं नाही.

आमची थोरली नववीत आहे. पाचवीपासून ती बास्केटबॉल खेळते. दिवाळीच्या सुट्टीत एका रात्री ताटं उचलता उचलता ती म्हणाली, ''आई, मला संघ बदलायचाय.'' मी चमकलेच. तिनं घर बदलायचंय म्हटलं असतं तरी इतकी चमकले नसते.

त्याचं कारण सांगते. ती ज्या मंडळाकडून खेळायची ते आमच्या घरापासून तीन मिनिटांवर. तिथले सर म्हणजे आमच्या ह्यांचे शाळेपासूनचे मित्र. त्यांची बायको माझी इथली पहिली मैत्रीण. लग्न होऊन मी श्रीरामपूरहून नगरला आले (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जिभेचं वळण जाता जात नाही), तेव्हा भाजीबाजारापासून गिरणीपर्यंत सगळं तिनंच मला दाखवलं. होळीला त्यांच्याकडून पुरणपोळी आमच्याकडे, नागपंचमीला आमच्याकडून दिंड त्यांच्याकडे. मध्ये ह्यांच्या नोकरीचं डळमळीत होतं तेव्हा दोन वर्षं सरांनी पोरीच्या फीचा एक पैसा घेतला नाही. चेंडू हातात कसा धरायचा इथपासून सगळं त्यांनीच शिकवलेलं. आता अशा माणसाला जाऊन काय सांगायचं? ''तुमच्याकडे आमच्या मुलीचं भागत नाही'' असं?

पण खरंही तेच होतं. दीड वर्ष ती बाकावर बसून होती. पाच जणी खेळतात, बाकीच्या बाकावर. तिच्या जागेवर तिच्याहून मोठ्या दोघी होत्या. सामना जिंकला किंवा हरला हे नक्की झालं, की शेवटची दोन-तीन मिनिटं हिला उतरवायचे. मी पाण्याची बाटली आणि शेंगदाण्याची चिक्की घेऊन पायरीवर बसायची आणि माझी पोर समोर मांडीवर टॉवेल घेऊन बसलेली दिसायची. त्या दोन मिनिटांत सगळं करून दाखवायच्या घाईनं तिच्या हातून चेंडू सुटायचा. मग सर म्हणायचे, ''बघ, अजून तयार नाहीस, थोडी थांब.'' त्यांचंही चुकत होतं असं नाही. जिंकायचं तर ज्यांचा हात बसलाय त्यांनाच उतरवावं लागतं. पण उतरवलंच नाही तर हात बसायचा कधी, हेही कुणी तरी सांगावं!

तिची जागा कोणती ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. तिला पॉइंट गार्ड म्हणतात. मलाही हे फार उशिरा कळलं. इतकी वर्षं मला वाटायचं, जी जास्त बास्केट करते ती मोठी खेळाडू. तसं नाही. मोठ्या पंगतीत एखादी थोरली जाऊ कशी उभी असते पाहा. स्वतः फारशी वाढत नाही, पण कुणाच्या पानात भात संपला, कोण लाजून मागत नाही, आमटीचं भांडं कुणाच्या हातात द्यायचं, हे सगळं तिच्या डोळ्यांत असतं. पॉइंट गार्डचं काम हेच. चेंडू आपल्या बाजूनं पुढे न्यायचा, आणि तो मधली रेघ आठ सेकंदांच्या आत ओलांडला पाहिजे. चोवीस सेकंदांच्या आत संघानं बास्केटचा प्रयत्न केलाच पाहिजे. तेवढ्या वेळात कोण मोकळी आहे ते हेरून चेंडू तिच्या हातात नेमका द्यायचा. आता सांगा, हे काम बाकावर बसून शिकता येईल का? आणि चार मैत्रिणींचा स्वभाव, त्यांची चाल अंगवळणी पडल्याशिवाय जमेल का?

तर, मी आधी नाहीच म्हटलं. हे म्हणाले, ''मैत्री तुटेल.'' पोर रुसली, आणि चार दिवस घरात कुणी नीट जेवलं नाही.

पाचव्या दिवशी सासूबाई बोलल्या. त्या पारनेरकडच्या, माहेरी कांद्याची शेती. ओसरीत लसूण सोलत बसल्या होत्या. म्हणाल्या, ''अगं, कांद्याचं रोप गादीवाफ्यावरच ठिवलं तर काय व्हतं? दाटी व्हती. पात लय येती, पर खाली कांदा धरत न्हाई. उपटून दुसऱ्या वाफ्यात लावावाच लागतो. आन् एक ध्यानात ठिव, लावल्यावर आठ दिस ते रोप मान टाकतं. तवा भ्यायचं न्हाई.'' एवढं बोलून त्या पुन्हा लसणाकडे वळल्या.

त्या बोलण्यानं मला माहेरची गोष्ट आठवली. श्रीरामपूरचं नाव घेतलं की आमच्याकडे दोन गोष्टी ठरलेल्या. गावाचं नाव श्रीरामपूर असून स्टेशनचं बेलापूर का, ही एक, आणि झहीर खान ही दुसरी. झहीर आमच्या गावचा, जन्म ७ ऑक्टोबर १९७८ चा. ऑक्टोबर २००० मध्ये नैरोबीला ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यानं स्टीव्ह वॉचा त्रिफळा उडवला, तो नेमका त्याचा बाविसावा वाढदिवस. मी तेव्हा शाळेत होते. आपल्या गावचा माणूस टीव्हीवर दिसतोय याचंच केवढं अप्रूप! पण तो तिथवर कसा पोचला हे आम्हाला तेव्हा कुठे ठाऊक होतं?

लोणीच्या प्रवरा इंजिनिअरिंग कॉलेजात त्यानं नाव घातलं होतं. ते सोडून सतराव्या वर्षी तो मुंबईला गेला. वडिलांनीच त्याला पाठवलं. देशात इंजिनिअर पुष्कळ आहेत, तू वेगवान गोलंदाज हो, असं ते म्हणाल्याचं सांगतात. (आपल्यापैकी किती जणींच्या घरी असं म्हणतील? मी तरी म्हटलं नसतं, हे आधीच कबूल करते.) मुंबईत सुधीर नाईकांच्या हाताखाली तो नॅशनल क्लबकडून खेळला, मग चेन्नईच्या वेगवान गोलंदाजीच्या शाळेत शिकला. गुण होते, मेहनत होती. पण मुंबईच्या रणजी संघात तेव्हा अजित आगरकर, पारस म्हांब्रे यांच्यासारखे गोलंदाज. तिथे रांगेत उभं राहायचं तर किती वर्षं? झहीर उठला आणि बडोद्याला गेला. १९९९-२००० च्या हंगामात रणजी करंडकात त्यानं पहिलं पाऊल टाकलं ते मुंबईकडून नव्हे, बडोद्याकडून.

आणि मग बघा. २०००-०१ च्या हंगामात बडोदा रणजीच्या अंतिम सामन्यात पोचलं. समोर रेल्वेचा संघ. बडोद्यानं तो सामना अवघ्या २१ धावांनी जिंकला. झहीरचे त्या सामन्यात ८ बळी, आणि सामनावीरही तोच. बडोद्याच्या हाती करंडक आला तो १९५७-५८ नंतर प्रथमच. जे घर सोडून गेला तिथे तो अनेकांतला एक होता. जिथे गेला तिथे पहिला चेंडू त्याच्या हातात देऊन, आता तूच बघ, असं सांगणारं कुणी तरी होतं. मला वाटतं सगळा फरक इथेच आहे. माणूस तोच, दंड तोच, चेंडूही तोच.

त्याच्या आयुष्यात हे पुन्हा एकदा घडलं, आणि ती गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. २००६ साली भारताच्या संघातली त्याची जागा गेली होती. आता सत्तावीस वर्षांचा नावाजलेला माणूस रुसून घरी बसला असता तरी कुणी नवल केलं नसतं. तो इंग्लंडमध्ये वूस्टरशायर नावाच्या परगण्याच्या संघाकडे गेला. तिथे ना नैरोबीची झगमग, ना गर्दी. सकाळी उठायचं, थंडीत अंग गरम करायचं आणि दिवसभर गोलंदाजी करायची. पहिल्याच सामन्यात १० बळी. पुढे एसेक्सविरुद्ध एका डावात ९. पूर्ण हंगामात ७८. त्यानंतर भारतीय संघात परतलेला झहीर वेगळाच होता. २००७ मध्ये ट्रेंट ब्रिजच्या कसोटीत त्यानं ९ बळी घेतले आणि भारतानं ती मालिका जिंकली. २०११ च्या विश्वचषकात २१ बळी, शाहिद आफ्रिदीच्या बरोबरीनं सर्वांत जास्त.

आणि हो, २००६-०७ मध्ये तो मुंबईकडे परत आला. बंगालविरुद्धच्या अंतिम सामन्यात ९ बळी घेऊन मुंबईला रणजी करंडक मिळवून दिला. म्हणजे जुनं घर सोडलं की दार कायमचं बंद होतं, असंही नाही. ह्यांना मी हे सांगितलं तेव्हा हे पहिल्यांदा जरा सैल झाले.

आपल्याच जिल्ह्यातलं आणखी एक उदाहरण आहे, पण ते जरा आंबटगोड. अजिंक्य रहाणे, संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा. वाढला डोंबिवलीत. लहानपणी आई एका हातात त्याची क्रिकेटची पिशवी आणि दुसऱ्या हातावर धाकटा भाऊ घेऊन त्याला सरावाला चालत नेत असे, कारण रिक्षा परवडत नव्हती, हे त्यानं स्वतःच सांगितलं आहे. ते वाचल्यापासून माझी चिक्कीची पिशवी मला फारच हलकी वाटते.

तर हा अजिंक्य २०२२ च्या सुरुवातीला कसोटी संघाबाहेर गेला. आयपीएलच्या लिलावात चेन्नईनं त्याला ५० लाखांत घेतलं, म्हणजे मूळ बोलीवरच. दुसरं कुणी पुढं आलं नाही. हळू खेळणारा, वय झालेला, असं सगळे म्हणत होते. एप्रिल २०२३ मध्ये वानखेडेवर त्याला उतरवलं तेही दुसरा एक जण आजारी पडला म्हणून. त्यानं २७ चेंडूंत ६१ धावा कुटल्या! पुढे कोलकात्यात २९ चेंडूंत नाबाद ७१. चेन्नईनं ती स्पर्धा जिंकली आणि जूनमध्ये तो पुन्हा भारताच्या कसोटी संघात, ओव्हलला ऑस्ट्रेलियाविरुद्ध ८९ आणि ४६. इथवर गोड. पण लगेचच वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर त्याची बॅट चालली नाही आणि जागा परत गेली. नवा संघ म्हणजे काही अल्लाउद्दीनचा दिवा नव्हे, हेही पोरीला सांगायला हवं होतं, आणि मी सांगितलं. ती म्हणाली, ''पण आई, २०२४ मध्ये त्याच्याच कप्तानपदाखाली मुंबईनं रणजी जिंकली ना?'' जिंकली होती खरी. आजकालच्या मुलांना उलट उत्तरांसोबत आकडेही पाठ असतात.

तिनं मला तिच्या खेळातलाही एक सांगितला, स्टीव्ह नॅश. कॅनडात वाढलेला, अमेरिकेत खेळणारा, हिच्याच जागेवरचा पॉइंट गार्ड. २००४ साली तो तिशीचा झाला होता. डॅलस सोडून तो फिनिक्सच्या संघात गेला. आदल्या हंगामात फिनिक्सनं ८२ पैकी २९ सामने जिंकले होते, नॅश आल्यावर ६२. तिथल्या प्रशिक्षकाला झपाट्याचा खेळ हवा होता. चोवीस सेकंदांची वाट न बघता आधीच बास्केट करून मोकळं व्हायचं, आणि सगळा कारभार नॅशच्या हाती. २००५ आणि २००६, लागोपाठ दोन वर्षं, तो तिथल्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. स्वतः सर्वांत जास्त गुण करून नाही बरं का, दुसऱ्यांच्या हाती चेंडू देऊन! हे ऐकून मला का कोण जाणे फार बरं वाटलं.

पण सगळे पुरुषच का सांगू? किरण नवगिरे हे नाव तुमच्यापैकी कित्येकींनी ऐकलं असेल. सोलापूर जिल्ह्यातल्या मिरे गावची, शेतकऱ्याची मुलगी. आधी भालाफेक, गोळाफेक करायची, क्रिकेट नंतरचं. महाराष्ट्राकडून खेळत होती, ती तिकडे पार ईशान्येला नागालँडच्या संघात पाहुणी खेळाडू म्हणून गेली. परराज्याकडून खेळायचं तर आपल्या संघटनेचा ना-हरकत दाखला घ्यावा लागतो. तो घेऊन, भाषा वेगळी, जेवण वेगळं, ओळखीचं कुणी नाही, अशा ठिकाणी ही मुलगी गेली. एप्रिल २०२२ मध्ये अरुणाचलविरुद्ध तिनं ७६ चेंडूंत नाबाद १६२ धावा केल्या. टी-२० मध्ये दीडशेच्या पुढे जाणारी ती पहिली भारतीय स्त्री. त्या एका स्पर्धेत ३५ षटकार! त्याच वर्षी मे महिन्यात पुण्यात ३४ चेंडूंत ६९, आणि सप्टेंबरात इंग्लंडमध्ये भारताकडून पहिला सामना. मार्च २०२३ मध्ये महिलांच्या पहिल्या प्रीमियर लीगमध्ये ती उतरली तेव्हा बॅटवर कुठल्या कंपनीचं नाव नव्हतं. धोनीवरच्या प्रेमानं 'एमएसडी ०७' असं तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. त्या दिवशी ५३ धावा केल्या. आणि मग तीही परत आली. ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपूरला, पंजाबविरुद्ध, महाराष्ट्राकडून खेळताना ३४ चेंडूंत शतक. महिलांच्या टी-२० क्रिकेटमध्ये इतकं जलद शतक तोवर जगात कुणी केलं नव्हतं.

हे सगळं वाचून-ऐकून शेवटी आम्ही हो म्हटलं. पण हो म्हटल्यावर खरी कामं सुरू होतात. तुमच्यापैकी कुणावर अशी वेळ आली तर उपयोग होईल म्हणून आम्ही काय केलं ते सांगते. पहिलं म्हणजे, बाहेरून कानावर जायच्या आत सरांना आपणच सांगायचं ठरवलं. फोनवर नाही, घरी जाऊन. आणि बोलायचं पोरीनं, आम्ही नुसतं सोबत बसायचं. ती बोलली. आवाज कापत होता, पण बोलली. ''सर, मला शिकवलंत तुम्हीच, पण मला खेळायचंय.'' सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ''जा.'' चहा आला होता तो कुणी प्यायलं नाही.

दुसरं, नव्या संघाच्या बाईंना आधीच विचारून घेतलं, की हिला नेमकं कोणतं काम देणार? 'बघू' असं उत्तर आलं असतं तर मी पुन्हा विचार केला असता. बाई म्हणाल्या, ''चेंडू पुढे आणणारी माझ्याकडे कुणी नाही. चुकली तरी दहा मिनिटं मी तिला बाहेर काढणार नाही.'' तिसरं अगदी घरगुती. नवं मैदान लांब, सायकलनं अर्धा तास, सराव संध्याकाळी सहाला. म्हणून शाळेतून आल्यावर आता चहा-बिस्किटं बंद. दूध आणि राजगिऱ्याचा लाडू, किंवा केळं आणि भिजवलेले शेंगदाणे, आणि रात्री आल्या आल्या गरम भाकरी. नवे बूट मागत होती, ते मात्र घेतले नाहीत. जुन्यांचे तळवे अजून धड होते.

सासूबाईंचं रोपाचं भाकीत तंतोतंत खरं ठरलं, फक्त आठ दिवसांऐवजी तीन आठवडे लागले. नव्या मुलींच्या खुणा हिला कळेनात. ही डावीकडे चेंडू द्यायची, त्या उजवीकडे पळालेल्या. एका रात्री उशीत तोंड खुपसून रडली, ''मी परत जाते'' म्हणाली. मी काहीच बोलले नाही. खरं सांगू? माझ्याही मनात आलं होतं, की जावं परत, सगळं पहिल्यासारखं होईल. दुसऱ्या दिवशी तिची तीच सायकल काढून सरावाला गेली.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तिच्या नव्या संघाची गाठ जुन्या संघाशी पडली. मी पायरीवर नेहमीच्या जागी बसले, पण आता कुठल्या बाजूनं टाळ्या वाजवायच्या तेच कळेना. समोर सर, शेजारी त्यांची बायको. पोर पहिल्यापासून मैदानात. चेंडू घेऊन आली, एकदा मान वर करून पाहिलं आणि पलीकडच्या उंच मुलीच्या हातात असा दिला, की तिला फक्त वर टाकायचा होता. असं किती तरी वेळा. मी मोजायचं सोडून दिलं. तीन गुणांनी त्या हरल्या. सामना संपल्यावर सर उठून हिच्याकडे आले, डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, ''डावा हात सुधारलाय. पण अजून खाली बघतेस.'' ती घरी येईपर्यंत तेवढंच बोलत होती. हरल्याचं तिच्या लक्षातसुद्धा नव्हतं.

त्यांची बायको मात्र त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही. संक्रांतीला तिळगूळ घेऊन गेले तर दाराला कुलूप होतं. माझ्या हळदीकुंकवाला गल्लीतल्या सगळ्या आल्या, ती आली नाही. रथसप्तमीला अजून चार दिवस आहेत. यंदा वाण म्हणून स्टीलच्या वाट्या आणल्या होत्या. त्यातली एक मी फडताळात तिच्यासाठी बाजूला ठेवली आहे. उद्या शाळेतून येताना पुन्हा एकदा त्यांच्या दारावरून येणार आहे.